पांढरं बटण

मांजर वाघाची मावशी, तर माझी मावशी उंदरांची. प्रयोगशाळेत सगळे तिला उंदीरमावशीच म्हणायचे. बावीस वर्षं पिंजरे बदलले तिने, एकही उंदीर कधी चावला नाही. नववीत मी शाळा सोडली तेव्हा तिनेच मला तिथे चिकटवलं, पिंजरे धुवायला. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मी आधी हात उगारते, मग विचार करते. म्हणून तर हे सांगायची लाज वाटते.

शेवटची खोली डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या मॅडमची. तिथल्या उंदरांत जन्मापासून एक जनुक बिघडलेलं, त्यामुळे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरायच्या. मॅडम उजव्या डोळ्यात सुईने असं काही सोडायच्या की ते आत जाऊन नेमकं बिघडलेलं जनुक कापेल. डावा डोळा तसाच, तुलनेला. या उंदरांना उजेड सोसत नाही, लवकर आंधळे होतात. म्हणून खोलीत फक्त मिणमिणता लाल दिवा. पांढऱ्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी.

एकदा मी धुतलेले पिंजरे घेऊन गेले तर पट्टी निघालेली, खोली लख्ख, आणि मावशी आरामात काम करतेय.

"अगं, हे काय?"

"दार लाव आधी! लाल दिव्यात मला काही दिसत नाही गं. दोन वर्षं झाली. रोज अर्धा तास लावते, मग बंद."

"मॅडमना सांग ना."

"आणि घरी बसू?"

मी मनाशी म्हटलं, उंदरांना कुठे पुस्तकं वाचायचीत? वर रोज दाराबाहेर पहारा दिला.

सात महिन्यांनी मॅडमनी डोळे तपासले. डावे गेलेले, उजवेही गेलेले. त्या स्टुलावर बसूनच राहिल्या.

"आमचं औषधच कुचकामी. बंद करतेय हे काम," म्हणाल्या. मग मावशीकडे बघून, "तुम्ही एवढं जपलंत यांना, मावशी. सॉरी."

मी मागून मावशीचा कोट ओढला. कानात म्हटलं, "गप्प राहा."

तिने माझा हात झटकला. "मॅडम, औषध चांगलं असेल. पांढरा दिवा मी लावायचे. लाल दिव्यात मला दिसत नाही."

मॅडम ओरडल्या असत्या तर मी तोंड सोडलंच असतं. पण त्यांनी मावशीच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं असं?"

"आईला. चाळिशीनंतर हाताला धरून न्यावं लागायचं."

"मावशी, या उंदरांना असाच आजार आहे. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

मावशी पिंजऱ्यातल्या उंदरांकडे वळली. "बावीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही," एवढंच म्हणाली.

पहाऱ्याचं तिने सांगितलं नाही. मीही नाही.

मॅडमनी नवे उंदीर आणले, काम परत पहिल्यापासून. मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि माझ्या जागी पिंजरे धुवायला लावलं, मोठ्या खिडकीजवळ. लाल दिव्याची खोली माझ्याकडे दिली. किल्ली देताना म्हणाल्या, "तू मावशीच्या हाताखाली तयार झालीस, पण तू असं करणार नाहीस."

मावशी शेजारीच पिंजरा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही करणार ती."

मी किल्ली घेतली.