हिवाळ्याची बेगमी

न्युरेम्बर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक सर्बियन आजी राहतात. युद्धात गाव सुटलं, तेव्हा हिवाळ्यासाठी केलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या तळघरातच राहिल्या. तेव्हापासून आजी आठवड्यापुरतीच चटणी करायच्या. "इथे तरी राहू देतील की नाही, कोण जाणे!" म्हणायच्या.

परवा जिनाभर भाजक्या मिरच्यांचा खमंग वास सुटला होता. आजींचं दार सताड उघडं, हात कोपरापर्यंत लाल आणि ओट्यावर बरण्याच बरण्या.

"अहो आजी, एवढ्या कशाला?"

"कायम राहायचा परवाना आला!" मिरचीची करपलेली साल सोलत त्या हसल्या.

निघताना त्यांनी एक गरम बरणी माझ्या हातात कोंबली आणि बजावलं, "रिकामी झाली की परत आण हं. पुढच्या वर्षी लागेल."