माशाच्या अंगावरची रेघ

तेर गावच्या बाजारातून आणलेला रोहू धुताना त्याच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ बोटाला लागली, आणि आई आठवली.

पाण्यातली हालचाल माशाला या रेघेनं जाणवते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आईला तर अजिबात ऐकू यायचं नाही. त्या दुपारी ती इथंच, दाराकडं पाठ करून मासा साफ करत होती. मला पुण्यात नोकरी लागली होती, पण तिला सांगायला जीभ रेटत नव्हती. मी अनवाणीच आत आलो. आईच्या डाव्या हाताचा तळवा शहाबादी फरशीवर टेकलेला होता.

"आज पाय लई जड पडायलेत तुझे," ती मागं न बघताच म्हणाली. "लांब जायचं ठरलं व्हय?"

मी समोर जाऊन मान हलवली. तिनं खवल्यांचा हात पदराला पुसला आणि मोठा तुकडा माझ्यासाठी बाजूला काढला.

सांगावं लागलं नाही, म्हणून तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर किती दुपारी ती तळवा टेकून बसली असेल, हे मनातही आलं नाही.

आता निवृत्त होऊन परत आलोय. अर्धा धुतलेला मासा तसाच ठेवून मी डावा तळवा फरशीवर टेकवला. फरशी नुसती गार होती.