एकास पाचचा उतार

बाबा नगरपालिकेत कारकून होते. इथल्या नाही, दुसऱ्या एका गावच्या. बांधकाम परवानगीच्या अर्जांची छाननी हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अर्जासोबत लागणाऱ्या कागदांची यादी समोर ठेवून ते एकेक कागद तपासायचे, आधी पेन्सिलीने खूण, मग दुसऱ्या वाचनात पेनाने. एखादा कागद कमी पडला की फाइल त्रुटीपत्रासह परत, मग अर्जदार साहेबांचा मेहुणा असो की गल्लीतला इस्त्रीवाला. घरीही तेच. माझ्या लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांनी दोनदा परत पाठवलं, तेव्हा छापखानेवाल्याने मला फोन करून विचारलं होतं, "मॅडम, लग्न नक्की करायचंय ना?"

निवृत्तीनंतर ते आणि आई भाईंदर पश्चिमेला, माझ्या जवळच, एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. लिफ्ट नाही. मग आईचे गुडघे गेले आणि तिचं खाली उतरणं डॉक्टरपुरतं उरलं. ती कोकणातल्या घरात वाढलेली. दार उघडलं की पाय मातीवर पडला पाहिजे, एवढीच तिची घराची कल्पना. ती तक्रार करायची नाही. नुसती गॅलरीत बसून खालची माणसं मोजायची, आणि ते बघून मला तिच्यावरच राग यायचा.

बाबांनी फार पूर्वी काशीगावच्या मागे, डोंगराच्या अंगाला, जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिथे दोन खोल्या बांधायच्या असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून आईने अंगणात काय लावायचं ते बोलायला सुरुवात केली. आज शेवगा, उद्या अबोली, परवा कढीपत्ता. त्या चौथ्या मजल्यावर रोज एक झाड वाढत होतं.

शेजारच्या तुकड्यावर एका म्हातारीचं पत्र्याचं घर होतं. बाबांच्या हातातली कागदांची पिशवी बघून ती म्हणाली, "परवानगी न्हाय न् काय न्हाय. आमी बांधलाच ना. कोन इचारतो?" बाबा हसले. "तुम्हाला कोणी विचारणार नाही, मावशी," ते म्हणाले, "पण मला मीच विचारीन."

यादी लांबलचक होती. सातबारा, मोजणीचा नकाशा, जागा वनखात्याच्या हद्दीत येत नाही असं पत्र, झाडांची यादी, पावसाचं पाणी कुठून उतरून कुठे जातं त्याचा नकाशा. बाबांनी तीन महिने खेपा घालून सगळं जमवलं. एक कागद उरला, उताराचा. डोंगराकडच्या जमिनीचा उतार एकास पाच यापेक्षा जास्त असेल तर बांधकाम नाही. म्हणजे पाच हात पुढे गेल्यावर जमीन एका हातापेक्षा जास्त वर गेली, की संपलं. हा नकाशा इंजिनियरच्या सहीने द्यावा लागतो. पण आधी भागतंय का ते स्वतः बघू, असं म्हणून बाबा मला एका रविवारी तिकडे घेऊन गेले.

गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्यांनी आणली होती, आणि दोन मोजपट्ट्या. नळीचं एक टोक माझ्याकडे, वर. दुसरं बाबांकडे, दोन मीटर अंतरावर, खाली. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला येतं, त्यामुळे माझ्या पट्टीवरचा आकडा बाबांच्या आकड्यातून वजा केला की मधला चढ कळतो. दर दोन मीटरला चाळीस सेंटिमीटरच्या आत बसलं तर घर, नाहीतर नाही. बाबा खालून "हं" म्हणायचे, मी आकडा सांगायचे, ते वहीत लिहायचे.

पहिल्या टप्प्याला अठ्ठेचाळीस आले. दुसऱ्याला एक्कावन्न.  बाबा नुसते पेन्सिल वहीवर टेकवून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे एकदम म्हाताऱ्या माणसाचे दिसायला लागले. मला ते बघवलं नाही. तिसऱ्या टप्प्याला मी माझ्या पट्टीवरचा आकडा वाढवून सांगितला. वरचा आकडा वाढला की चढ कमी भरतो, एवढं गणित मला येत होतं. पहिल्या दोन टप्प्यांची भरपाई व्हावी म्हणून पुढे आणखी थोडा वाढवला. वरच्या हद्दीपर्यंत मी असंच करत गेले.  बरं वाटत होतं, आईच्या पायाखाली मी मूठमूठ माती टाकतेय असं.

खाली आल्यावर बाबांनी बेरीज केली. सरासरी एकोणचाळीस. "बसतंय," ते म्हणाले आणि वही मिटली.

मला वाटलं होतं, खरी मोजणी इंजिनियर यंत्राने करेल आणि माझं खोटं तिथेच विरून जाईल. निदान तेवढे दिवस तरी आईची झाडं वाढतील. पण आमचा इंजिनियर उमेदवारीच्या काळात, त्या जुन्या गावी, बाबांच्या टेबलावर फायली घेऊन यायचा. बाबांनी त्याला इतकी त्रुटीपत्रं दिली होती की त्याचा देवावर नसेल तेवढा विश्वास बाबांच्या आकड्यांवर होता. वही बघून तो म्हणाला, "काका, तुम्ही घेतल्यात ना लेव्हल्स? मग मशीन कशाला लावू? दुसऱ्या कुणाचं असतं तर गोष्ट वेगळी." त्याने त्यावरूनच नकाशा काढला आणि सही केली. मी शेजारी बसले होते. मला तेव्हा बोलायला हवं होतं, आणि मी चहा प्यायले.

दीड महिन्याने महापालिकेचे लोक जागा बघायला आले, यंत्र घेऊन. त्यांना तासभरसुद्धा लागला नाही. उतार एकास चारच्या आसपास निघाला. तपासणाऱ्या साहेबांनी नकाशा दोनदा पाहिला आणि नरमाईनेच म्हणाले, "काका, हे कसं काय झालं? यावर सही करणाऱ्याकडून खुलासा मागवावा लागेल मला." त्या इंजिनियरचा परवाना जाऊ शकत होता. तो शेजारीच उभा राहून बाबांकडे बघत होता, रागाने नाही. आपल्याला काहीतरी चुकीचं ऐकू आलंय, असं. बाबा म्हणाले, "त्यांची चूक नाही. आकडे मी दिले होते. मी लेखी देतो."

दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारून त्यांच्याबरोबर महापालिकेत पत्र द्यायला गेले. पत्र त्यांच्या त्या गोल, एकसारख्या अक्षरात होतं. उंचीची मोजमापं अर्जदाराने स्वतः घेतली, ती चुकीची नोंदवली, नकाशावर सही करणाऱ्या इंजिनियरचा त्यात दोष नाही, सबब अर्ज मागे घेत आहे. माझा उल्लेख कुठेच नव्हता. खिडकीतल्या मुलीने पत्रावर शिक्का मारला आणि पोच दिली. बाबांनी पोचेवरची तारीख तपासली, सवयीने.

बाहेर बाकावर बसलो. माझ्याने आता राहवेना. "बाबा, ते आकडे मी वाढवून सांगितले होते," मी म्हणाले. "मुद्दाम."

"माहीत आहे."

"कधी कळलं? काल?"

"तेव्हाच. तिसऱ्या टप्प्यापासून तुझा प्रत्येक आकडा शून्याने नाहीतर पाचाने संपत होता. जमीन असे आकडे देत नाही. आयुष्यभर असल्याच फायली परत पाठवल्या मी."

मी लहानपणी खोटं बोलताना सापडले की त्यांच्यावरच चिडायचे. आत्ताही चिडले. "मग लिहिलेत कशाला? तिथेच का नाही थांबवलंत मला?"

त्यांनी पोचेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. 

"मलाही घर पाहिजे होतं," ते म्हणाले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तुझ्या आईला काय सांगायचं ते मी सांगतो. तू आज वर येऊ नकोस."