पत्रिकेएवढी फट

आमच्या घरी लग्नाची पत्रिका आली की आप्पा, म्हणजे माझे वडील, ती वाचत नसत. चिमटीत धरून जरा वाकवून बघत. जाड निघाली तर खूश. पातळ निघाली तर यजमानांनी हात आखडता घेतलाय असं जाहीर करून मोकळे. पसंत पडलेल्या पत्रिकेची खालची कड ते कात्रीनं कापून घेत आणि ती बोटभर पट्टी त्यांच्या पिकअपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊन पडे. उरलेली पत्रिका आईच्या हवाली.

आता कार्यालयाचं नाव छापलेलं असतं नेमकं खालच्या कडेला. त्यामुळं एकदा वैजापुरात आम्ही भलत्याच लग्नात जेवून आलो. नुसते जेवलो नाही, आहेरही करून आलो. आईनं नवरीकडं दोनदा निरखून बघितलं होतं, पण मुंडावळ्यांमुळं ओळखू येत नसेल असं समजून ती गप्प बसली. ज्यांच्याकडं जायचं होतं ते पुढं कितीतरी दिवस आमच्याशी तुटक बोलत. आप्पांना त्याचं काही नव्हतं. त्या पट्टीवर गाडी वर्षभर झकास चालली, हे मात्र ते येईल त्याला सांगत.

पट्टीचं काम काय ते सांगते. जुन्या पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडायची तर धातूच्या दोन इवल्याशा टोकांची सारखी उघडझाप व्हावी लागते. त्यांना पॉइंट म्हणतात. ती पूर्ण उघडली की त्यांच्यात जी फट पडते, तिच्यावर गाडीचा सगळा स्वभाव अवलंबून. फट मोजायला पोलादी पात्यांचं गेज मिळतं. आप्पांकडंही होतं, पण त्यांचा विश्वास पत्रिकेवर. पट्टी फटीत सरकवायची, ती जराशी अडखळत सरकली पाहिजे, की स्क्रू आवळायचा. सैल सरकली तरी चूक, अडकली तरी चूक. मला हे त्यांनी माझ्या लग्नानंतर शिकवलं, मी सुट्टीला माहेरी गेले की. बाकीच्या लेकी माहेरी जाऊन लोळतात. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी असे.

आप्पा गेले आणि वाटणीचं बोलणं निघालं, तेव्हा मी धाकट्या भावाला म्हटलं, मला काही नको, गाडी दे. त्यानं इतक्या चटकन हो म्हटलं की मला थोडा रागच आला. तेव्हापासून गाडी चिकलठाण्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. माझे यजमान तिला 'तुझं माहेर' म्हणतात. आई आधीच गेलेली, आप्पाही गेले, भाऊ त्याच्या संसारात. ते चिडवायला म्हणतात, पण खरं तेच आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा रविवार तिचाच. आधी रेडिएटर. आप्पांच्या काळात त्यात बोअरचं खारं पाणी जायचं. मी पहिल्यांदा तो धुऊन घेतला तेव्हा आतून इतका पांढरा क्षार निघाला की तेवढा खडू आयुष्यभर फळ्यावर लिहून माझ्या नाकात गेला नसेल. आता त्यात मी हिरवं कूलंट घालते, रबरी नळ्या दाबून बघते, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघते. थर्मोस्टॅट म्हणून एक व्हॉल्व्ह असतो, इंजिन गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारा. आपल्याकडचे झाडून सगळे मेकॅनिक तो काढून फेकतात. एवढ्या उन्हात त्याचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मी भांडून तो परत बसवून घेतला. रेडिएटर बारीक झिरपायला लागला तर त्यात हळद टाकायची, हा आप्पांचा उपाय मात्र मी सोडलेला नाही. हळद गरम पाण्यात फिरते आणि भेगेत जाऊन बसते. नवे मेकॅनिक कपाळाला हात लावतात, लावोत.

यंदा मे महिन्यात माझ्या लेकीचं लग्न. तिचं म्हणणं, पत्रिका फोनवर पाठवू, छापायच्या कशाला. मी म्हटलं, मामाला फोनवर बोलावणार असशील तर तुझ्या पाठीशी फोनच उभा कर. मग ज्यांना हातानंच द्यायला हवी अशा मोजक्या लोकांसाठी तिनं चांगल्या जाड पत्रिका छापून आणल्या. मी त्या वैजापूरला भावाकडं गाडीनं घेऊन जाणार म्हटल्यावर मात्र ती उसळली. कारण गाडी रस्त्यात बसली की आम्हाला आणायला येणार तीच. माझं ऑफिस सोडून मी पुन्हा येणार नाही, म्हणाली. आणि यावं लागलंच, तर गाडी दौलताबादला जाईल.

दौलताबादला म्हणजे त्या बाजूच्या एका ढाबेवाल्याकडं. त्याचा कधीपासून गाडीवर डोळा. चाकं काढायची, मागच्या हौद्यात मोगऱ्याच्या कुंड्या ठेवायच्या, वर दिव्यांच्या माळा सोडायच्या आणि गिऱ्हाइकांसाठी सेल्फी पॉइंट करायचा असा त्याचा बेत. मी त्याला एकदा सांगितलं होतं, माझ्या गाडीत एक पॉइंट आहे तेवढा बास. त्याला ते कळलं नाही. पण तिला यावं लागलं तर गाडी त्याला, असा लेकीला मी शब्द दिला. रागाच्या भरात दिला आणि रात्रभर पस्तावले.

निघताना पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, पाकिटांवर नावं घातली. एक पत्रिका बिननावाची ठेवली, भावाच्या घरी आप्पांच्या फोटोपुढं ठेवायला. यजमानांनी लेकीच्या लग्नाचं निमित्त करून आदल्या दिवशी गाडीचा डॅशबोर्ड झाडून पुसून लख्ख केला होता. मी कौतुकही केलं.

दौलताबादचा किल्ला दिसायला लागला तसा इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. गाडी ओढही कमी घेत होती. ढाब्यापुढून जाताना ढाबेवाला खुर्ची टाकून बसलेलाच होता. त्यानं हात केला आणि ओरडला, "क्या बाई, छोडने आये क्या?" मी मान ताठ ठेवून पुढं गेले. तो दिसेनासा झाला तेवढ्यात बॉनेटमधून वाफ आली. एका लिंबाखाली गाडी घेतली.

यजमान उतरले आणि फोन काढून उभे राहिले. मी म्हटलं, बटण दाबाल तर बघा. गरम झाकण उघडायचं नसतं, म्हणून बसून राहिलो. निवल्यावर ओलं फडकं टाकून झाकण काढलं. पाणी खाली गेलं होतं आणि खालच्या कोपऱ्यात ओल होती. करंड्यात बायकांना लावायला हळद घेतली होती. ती सगळी आत ओतली, डब्यातलं पाणी ओतलं. यजमान म्हणाले की नवरीच्या आधी गाडीलाच हळद लागली. मी हसले नाही. गाडी सुरू केली, थोडी पुढं नेली आणि काटा पुन्हा वर.

तेव्हा मला रडू आलं, हे सांगायला मला लाज नाही. आप्पांची गाडी कुंड्या ठेवायला जाणार आणि ती मीच घालवली, एवढंच डोक्यात. स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले आणि आप्पांचा आवाज आठवला. मी कधीही पाण्याची झारी घेऊन धावले की ते म्हणायचे, "पानी मागनं बघ. लोकं लई पान्याच्या मागं लागत्यात. आधी करंट बघ." करंट म्हणजे ठिणगी. ती उशिरा पडली की इंजिन उगीचच तापतं, मग रेडिएटरात गोदावरी ओतली तरी उपयोग नाही.

पॉइंट असतात त्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. पॉइंटची फट जवळजवळ मिटलेली. मी यजमानांना कप्प्यातली पट्टी मागितली. ते हळूच म्हणाले, "ती कळकट कागदाची पट्टी? मला वाटलं कचरा आहे."

गेज घरी, शिलाई मशीनच्या खणात. यजमानांनी खिशातून पेट्रोलची पावती काढून दिली, ती फारच पातळ. राहता राहिल्या पत्रिका. पण प्रत्येकीवर कुणाचं ना कुणाचं नाव, आणि शुभकार्याची पत्रिका कापून कुणाच्या हातात कशी द्यायची? नाव नव्हतं ते एकाच पाकिटावर. मी ते हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिले. मग पिशवीतल्या कात्रीनं खालची कड कापली. आप्पांनी चिमटीत धरून बघितली असती, तशी आधी वाकवून बघितली. चांगली जाड होती.

यजमानांना पंखा हातानं फिरवायला सांगितला, पॉइंट पूर्ण उघडले तिथं थांबवलं, पट्टी सरकवली, अडखळली, स्क्रू आवळला. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. लासूर आलं, गेलं. काटा मधोमध, आणि पुढं वैजापूर येईपर्यंत आम्ही दोघांनीही काटा सोडून दुसरीकडं बघितलं नाही.

भावानं स्वतःची, म्हणजे मामाची पत्रिका कपाळाला लावून घेतली. दुसरी फोटोपुढं ठेवायला पाकिटातून काढली आणि कापलेली कड बघून थांबला. त्याला काही सांगावं लागलं नाही. आमच्या घरातली प्रत्येक पत्रिका अशीच असायची. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "आक्का," तो म्हणाला, "कार्यालयाचं नावच कापलंस की. आता आप्पा जातेत बघ भलत्याच लग्नात जेवायला."

लेकीचा फोन आला तेव्हा यजमानांनी, सांगू नका म्हटलं तरी, सगळं सांगून टाकलं. वाफ, हळद, पट्टी, मामाचं बोलणं, सगळं. मी तेवढ्यात ओरडून सांगितलं की गाडी बंद पडली नव्हती, मी थांबवली होती. मला वाटलं, आता ढाबेवाल्याचं नाव निघणार.

"आई," लेक म्हणाली, "लग्नाच्या दिवशी गाडी कार्यालयाच्या दारात उभी कर. पत्रिकेवर कार्यालयाचं नाव नसलं तरी आजोबांना गाडी ओळखू येईल."