सर, आय ॲम कमिंग

आमच्या घरात कुणी जात नसे. सगळे येत. कामाला निघालं तरी "येते", बाजारात निघालं तरी "येते". चुकून कुणाच्या तोंडून "जाते" निघालं की सासूबाई दारातून परत बोलवत, खुर्चीत बसवत, पाणी पाजत आणि म्हणत, "हां, आता नीट सांग." तोवर बेर्शेबाची बस माझ्या नाकासमोरून निघून जायची. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं असं, की जाणारा माणूस एकदाच जातो, आणि त्याला पोचवून मागे प्रार्थना म्हणायला आम्हा ज्यूंत दहा पुरुष लागतात.

मुंबईत याचा काही त्रास झाला नाही. तिथं मी एका ऑफिसात टायपिस्ट होते. साडेपाचला पर्स उचलायची, "सर, आय ॲम कमिंग" म्हणायचं, की साहेब फायलीतून मान वर न करता "या" म्हणायचे. इथं आल्यावर हिब्रूनंही सांभाळून घेतलं. येताना शालोम, जाताना शालोम, विषय संपला. घोळ घातला तो इंग्रजीनं, जी मला उत्तम येते असा माझा समज होता.

बेर्शेबाच्या बाहेर कापडाचा एक कारखाना होता. तिथं नवी मशिनं बसवायला विलायतेहून एक इंजिनियर आला. त्याची पत्रं टाइप करायला इंग्रजी येणारी बाई हवी होती, ती मी. सहा महिने कच्ची नोकरी, मग त्यानं बरा शेरा दिला तर 'क्विउत'. म्हणजे तुम्ही कायम, मग तुम्हाला काढायची कुणाची छाती नाही. त्याआधी दोन वर्षं मी डबाबंद टोमॅटोच्या कारखान्यात टोमॅटो सोलत होते. हाताचा वास पासोव्हरच्या सणालाही जात नसे. परत त्या टोमॅटोंचं तोंड बघायची माझी अजिबात तयारी नव्हती. सासूबाईंची तर त्याहून नव्हती. रोज संध्याकाळी दार उघडता उघडताच विचारायच्या, "झालीस का गं कायम?"

इंजिनियर भला माणूस होता, पण इतका सभ्य की जीव नकोसा व्हावा. आणि आमचा मॅनेजर मूळचा रुमानियाचा. तो शेडच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायचा, "तुझं मशीन भंगार आहे!" इंजिनियर म्हणायचा, "मला वाटतं, आपण कदाचित, जर आपली हरकत नसेल तर..." त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मॅनेजर दुसऱ्या शेडमध्ये जाऊन दुसऱ्या कुणाला भंगार म्हणत असे. शेवटी इंजिनियर त्याच्याशी फक्त चिठ्ठ्यांनी बोलायला लागला, आणि त्या चिठ्ठ्या टाइप करून करून माझी बोटं दुखायला लागली.

मग वरच्या लोकांना सुचलं, इंग्रजीचा वर्ग काढू. मंगळवारी जेवणानंतर, कँटीनमध्ये. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एका ठिकाणी काम करताना एकमेकांच्या रीतीभातींबद्दल न भांडता कसं बोलावं, त्याचे शब्द शिकवायचे. शिकवायला अमेरिकेहून आलेली एक तरुण बाई. इंजिनियरला नमुना म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलेला.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'ब्लंट'. मी माझा मुंबईहून आणलेला कोश उघडला. ब्लंट म्हणजे बोथट. मी मॅनेजरकडे पाहिलं. हा माणूस बोथट? याची जीभ सुरीला उसनी द्यावी अशी! पण बाईंनी समजावलं, तोंडावर फाडफाड बोलतो तो ब्लंट. घ्या! धारदार बोलणाऱ्याला जे लोक बोथट म्हणतात त्यांच्याशी आपण काय रीतीभातींबद्दल बोलणार?

पुढच्या मंगळवारी 'टेक ऑफेन्स'. म्हणजे एखाद्याचं बोलणं मनाला लावून घेणं. मॅनेजर उशिरा आला होता, त्यानं ऐकलं 'टेक अ फेन्स'. फेन्स म्हणजे कुंपण एवढं त्याला येत होतं. तो ताडकन उठला. "कोण? कोण घेतंय कुंपण? मागच्या महिन्यात पण तार चोरली!" बाईंनी तीन वेळा समजावलं. तो बसला, पण तो तास संपेपर्यंत खिडकीतून कुंपणावर नजर ठेवून होता.

असे हसत खेळत सहा महिने भरत आले. आणि एका सकाळी इंजिनियरनं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. कान लालबुंद. "सावकाश टाइप केलंत तरी चालेल," म्हणाला आणि जवळजवळ पळालाच. तो माझ्यावरचा शेरा होता! कारखान्यात इंग्रजी टाइप करणारी दुसरी होतीच कोण? मी आपली टाइप करत गेले. टायपिंग उत्कृष्ट. स्पेलिंग निर्दोष. तथापि बाई रोज परत येते असं सांगून जातात आणि परत येत नाहीत, सबब त्यांना पूर्णपणे रिलायबल म्हणता येत नाही. पूर्णविराम ठोकला, दोन कार्बनसकट, आणि मग अर्थ डोक्यात शिरला.

पायाखालची जमीन सरकली हो! आणि पाठोपाठ असा राग आला की टाइपरायटर उचलून त्याच्या सभ्य डोक्यात घालावा. मेल्या, सहा महिन्यांत एक दिवस खाडा नाही, सातच्या ठोक्याला हजर, चारला सुटेपर्यंत जागेवर, आणि मी परत येत नाही? डोळ्यांसमोर टोमॅटोच टोमॅटो दिसायला लागले.

वार मंगळवार होता, ते एक बरं. वर्ग सुरू झाल्याबरोबर मी हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आय टेक ऑफेन्स!"

"जिथून घेतलंस तिथं ठेव!" मॅनेजर ओरडला.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. कागद इंजिनियरच्या पुढे धरला आणि विचारलं, मी कधी परत आले नाही ते सांगा. त्याचे कान पुन्हा लाल. म्हणाला, "तुमचा तसा हेतू नसणार, याची मला खात्री आहे. पण रोज चार वाजता तुम्ही दारात येऊन सांगता, आय ॲम कमिंग. आणि येत नाही. मी सहीची पत्रं घेऊन बसून राहतो. आधी पाच वाजेपर्यंत बसायचो. आता साडेचारला आशा सोडतो."

"मग विचारायचं नाही का कुठं जाते म्हणून?"

तो आणखी लाल झाला. "मला वाटलं, तुमचं पोट बिघडत असेल. रोज चारला. असं विचारणं बरं दिसत नाही."

सगळं कँटीन हसत सुटलं. मॅनेजर टेबलावर हात आपटून आपटून हसत होता. माझी मात्र लाजेनं आणि रागानं खिचडी झाली होती. मी सगळं सांगितलं. आमच्यात जाते म्हणत नाहीत. जाते म्हणजे कायमची गेले. घरातून, कामावरून, कुठूनही निघताना येते म्हणायचं, म्हणजे माणूस परत येतो. बाईंना तर मोठं घबाड सापडल्यासारखं झालं, त्यांनी फळ्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कल्चरल डिफरन्स'.

इंजिनियरनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे आय ॲम कमिंग म्हणता, तेव्हा तुम्ही जात असता?"

"हो."

"आणि खरंच येत असता तेव्हा?"

"तेव्हाही आय ॲम कमिंग."

"मग मी ओळखायचं कसं?"

"पर्स बघायची. खांद्याला पर्स असली की जातेय."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. देवाशपथ, पर्सचं चित्र काढून. मग हळूच विचारलं, "पण येते म्हणून निघालात, की तुम्ही नेहमी परत येता?"

"नेहमी!" मी छाती ठोकून सांगितलं.

त्यानं कागद घेतला, शेवटचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, बाई येते म्हणतात आणि येतात. ते मी पुन्हा टाइप केलं, आणि त्या महिन्याअखेर मला क्विउत मिळाली. कायम!

सासूबाईंनी आनंदानं नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. नारळाच्या दुधातला हलवा करायचा म्हणून कुठून तरी एक नारळ पैदा केला, उंबऱ्यावर फोडला आणि गाजराच्या किसणीवर किसायला घेतला. दोन मिनिटांत बोटं सोलली. "अगं, आपली विळी असती तर!" त्या कळवळल्या.

विळी. मुंबई सोडताना ती सामानात बसेना, म्हणून मी शेजारच्या वहिनींकडे ठेवली होती. जिन्यात दोघी रडलो होतो आणि मी म्हटलं होतं, "येते हं, वहिनी." त्याला नऊ वर्षं झाली होती. हलवा ढवळताना मला तो इंजिनियरचा प्रश्न आठवला आणि माझं ते छाती ठोकणं आठवलं. घास काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना पत्र लिहिलं. इथं कायम झाले, आता ती विळी तुमचीच समजा, बिनधास्त वापरायला काढा.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. चार ओळी होत्या. कायम झालीस, आनंद झाला. विळी तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. पावसाळा संपला की दरवर्षी नवा कागद घालते. मी ती वापरणार नाही, तू येते म्हणाली होतीस.