उपाशीपोटीचे आकडे

४ फेब्रुवारी २०२४, रविवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. मोहोपाड्याच्या आमच्या प्रार्थनासभेत मी आईच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला आणि आकडा मोठ्याने वाचला : १०४. नऊ वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या बाईची ही साखर होती. लोक रडू लागले. आईने पिशवीतून इन्सुलिनचे पेन काढले आणि पुढच्या टोपलीत ठेवले. आमच्याकडे साक्ष देण्याची ती रीत होती : प्रभूने ज्यातून सोडवले, त्याचे औषध सर्वांदेखत टोपलीत टाकायचे.

मोजणीची कल्पना माझी. मी रसायनशास्त्र शिकलेली. तिथल्याच एका कारखान्याच्या तपासणी-प्रयोगशाळेत नोकरीला. देवाच्या नावाने फसवणाऱ्या खोट्या शिक्षकांपासून सावध राहावे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि ते काम मला जमते असा माझा समज होता. पाळक नवे आले तेव्हा सहा महिने मी त्यांचे प्रत्येक प्रवचन वहीत उतरवून पवित्र शास्त्राशी ताडून पाहिले. दोष सापडला नाही. मग मीच सुचवले : बरे झालेल्यांच्या साक्षी मोजून नोंदवू या, म्हणजे कुणी फसवणार नाही. अशी नोंद ठेवणारी मी पहिलीच ठरेन, असाही हिशेब त्यात होता.

वहीत मी रकाने आखले : नाव, वार, वेळ, आकडा. शेवटचे जेवण कधी, हा रकाना आखला नाही.

सभा उपासप्रार्थनेची असे. शनिवारी संध्याकाळी सहानंतर कुणी खात नसे. उपास सुटे तो रविवारी दुपारी एकला. म्हणजे मी सतरा तासांच्या उपाशी माणसांची साखर मोजत होते. आईच्या अंगात तर आदल्या रात्रीचे इन्सुलिनही होते. कारखान्यात असा नमुना कुणी आणला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता. जेवणानंतरही मोजावे का, असे मी एकदाच पाळकांना विचारले होते. ते हसले. "ताई, एकदा देवाने दिलं, की पुन्हा त्याचीच परीक्षा घ्यायची?" मला ते उत्तर नम्रतेचे वाटले.

पुढच्या रविवारी १७१ आले, त्यापुढच्या रविवारी २३८. पाळक म्हणाले, "सैतान आता आकड्यांतून बोलतो आहे." मग आईचे मोजणे थांबले. ते त्यांनी थांबवले नाही, मी थांबवले. माझ्या वहीतली सर्वांत चांगली नोंद मला बिघडू द्यायची नव्हती.

मार्चमध्ये आईच्या टाचेला चपलेने फोड आला. भिसेगावच्या आमच्या दोन खोल्यांत ती मोजे घालून वावरू लागली. वास आला तेव्हा मी मोजा ओढून काढला. टाच काळी पडली होती.

"इन्सुलिन का सुरू केलं नाहीस?"

"साक्ष दिलीय मी, चारचौघात. आता परत कशी घेऊ?"

"आई, पाय सडतोय."

"खालापूरच्या त्या बाईनं माझं बघून गोळ्या टोपलीत टाकल्या. मी सुई घेतली तर ती काय म्हणंल? म्हातारी खोटं बोलली देवाच्या घरात?"

रुग्णालयात शल्यचिकित्सकांनी माझी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला : "हे सगळे उपाशीपोटीचे?" मी होय म्हटले. त्यांनी वही परत दिली. दुसऱ्या दिवशी आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतरच्या रविवारी मी सभेत उभी राहिले. उपासाचे सतरा तास, रात्रीचे इन्सुलिन, राहिलेला रकाना, सारे क्रमाने सांगितले. खालापूरच्या बाईंना हात जोडून म्हटले, जेवल्यावर साखर मोजा. त्यांनी पदर सारखा केला आणि पाळकांकडे पाहिले. पाळक अत्यंत मायेने म्हणाले, "आईला देवानं बरं केलं होतं, ताई. तू मोजत राहिलीस." सभा म्हणाली, आमेन. पहिल्या रांगेतून कुणीतरी पुटपुटले, "शिकलेल्यांचं असंच असतंय."

मी आजही प्रार्थना करते. फसवणूक ओळखायची म्हणून मी त्या माणसाला सहा महिने तपासले. मला चमत्कार किती हवा होता, ते एक दिवसही तपासले नाही. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. सगळे खरे आकडे वापरून मी माझ्या आईला फसवले.

दुसरा पाय वाचवायचा तर दिवसातून तीनदा मोजून इन्सुलिन द्या, असे सांगून डॉक्टरांनी आईला घरी पाठवले. मी यंत्र घेऊन बसले की ती मूठ आवळी. "तुझ्या हातानं नको. तू मोजलंस म्हणून गेलं सगळं." हे तिला कुणी शिकवले नव्हते, आमेन भिसेगावपर्यंत आपोआप पोचले होते. दोन दिवस मूठ उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी जखमेची पट्टी बदलायला दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिले. "पोरीनं मोजलं की साखर वाढती व्हय? मग औषध कशाला, पोरगीच बदला की."

आई हसली नाही. पण बोट तिने त्यांच्यापुढे धरले. "तुमी टोचा. तुमच्या मनात काय नाय."

बाईंनी टोचले, वाट पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिही गं. जेवून दोन तास झालेत, ते पण लिही."

मी नवा रकाना आखला. जेवणानंतर दोन तास : ३१७.