ऑक्सिजनची जागा

आमच्या वर्गात हजेरी नावांनी होत नसे. विज्ञानाचे सरच आमचे वर्गशिक्षक होते आणि त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी खूळ असायचं. नववीच्या सुरुवातीलाच त्यांनी फळ्याशेजारी आवर्त सारणीचा मोठा तक्ता टांगला आणि जाहीर केलं, की ज्याचा हजेरीत जो नंबर, त्या नंबरचं मूलद्रव्य म्हणजे तो. एक नंबरचा पोरगा हायड्रोजन, दोन नंबरचा हेलियम, असं पुढे. सरांनी "कार्बन" म्हटलं की सहा नंबरनं उठून "हजर" म्हणायचं. दिवाळीच्या आत अख्ख्या वर्गाला तक्ता पाठ झाला होता, आणि पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या त्या आडगावात पोरं एकमेकांना "ए गंधक, थांब की" अशा हाका मारत हिंडत होती.

हजेरीत आधी पोरांची नावं असत आणि शेवटी पोरींची. नववीत पोरगी म्हणजे मी एकटी. पोरींसाठी म्हणून खिडकीजवळ एक वेगळा बाक होता, त्यावर मी एकटीच पसरून बसायची. माझा नंबर बावीस आणि बावीस म्हणजे टिटॅनियम. गंधक कपाटात होतं, तांब्याची तार होती, मॅग्नेशियमची फीत तर सर पेटवूनही दाखवत. टिटॅनियम मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. मी सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "धातू आहे. हलका आणि कणखर. आपल्या कपाटात नाही." एवढीच माझी ओळख. मला ऑक्सिजन व्हायचं होतं. ज्याच्यावाचून माणूस जगत नाही, विस्तव पेटत नाही आणि पाणी होत नाही असं काहीतरी असावं आपण, असं मला वाटायचं. पण आठ नंबर एका पोराचा होता, त्यामुळे बोलून उपयोग नव्हता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच आला होता. दिवाळीनंतर आठ नंबरचं घर ऊसतोडीला गेलं, त्यांच्याबरोबर तोही गेला, आणि तक्त्यातली माझी आवडती जागा रिकामी झाली. मी रोज सकाळी मनातल्या मनात तयारी करून जायची. आज सर म्हणतील, आजपासून तू आठ. सर काही बोलले नाहीत. आणि मग ती आली.

ती केडगावची. तिचे वडील पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर कारकून म्हणून आमच्याकडे आले होते. बिऱ्हाड कामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत होतं. दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि गळ्यात अडकवलेली निळी वॉटरबॅग. आमच्या गावात तोवर वॉटरबॅग कुणी पाहिली नव्हती. मी घरून फिरकीचा पितळी तांब्या नेत असे. तो दप्तरात सांडू नये म्हणून हातात धरून तीन शेतं ओलांडायची. ती मात्र दोन्ही हात हलवत यायची.

सरांनी तिला माझ्या बाकावर बसवलं. तिथवर ठीक होतं. मग त्यांनी हजेरी उघडली, तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवीन नाव शेवटी लिहायचं खरं, पण ऑक्सिजनची जागा रिकामी ठेवून कसं चालेल? पाणीच व्हायचं नाही. तू आठ."

पोरं हसली, तीही हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पहिल्यापासून या शाळेत, तक्ता मला उलटासुलटा पाठ, तो टांगताना खिळा ठोकायला दगड मी आणून दिलेला, आणि ही काल एसटीतून उतरलेली बाई आज ऑक्सिजन! हे मी आज लिहितेय तरी माझा हात जरा जोरातच चालतोय. जाऊ दे.

दुसऱ्या दिवसापासून सर "ऑक्सिजन" म्हणाले की ती टुणकन उठायची आणि "हजर" असं गाण्यासारखं म्हणायची. मी मात्र माझी पाळी आली की मुद्दाम गप्प बसायची. सर दोनदा "टिटॅनियम" म्हणाले की मग ती कोपरानं मला ढोसायची आणि हळूच म्हणायची, "अगं, तुला बोलावतायत." तेव्हा कुठं मी उठायची. तिला वाटायचं माझं लक्ष नसतं. माझं लक्ष तेवढंच होतं.

एका बाबतीत मात्र मी तिच्यावर भारी होते. आमच्या मळ्यातल्या विहिरीला त्या वर्षीही तळाला पाणी होतं, आणि ते गोड होतं. तिच्या पत्र्याच्या खोल्यांजवळच्या बोअरचं पाणी असं मचूळ, की चहा नासावा. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या तांब्यातलं घोटभर पाणी पिऊन डोळे मिटले होते. तेव्हापासून ती रोज सकाळी वॉटरबॅगमधलं आपलं पाणी शाळेच्या लिंबाच्या रोपाला घालायची आणि बाक सरकवून माझ्याजवळ यायची. "दे ना गं जरासं." मी द्यायची. पाण्याला नाही म्हणायचं नसतं, हे आईनं शिकवलं होतं. पण देताना मी तिच्याकडे पाहायची नाही, आणि झाकणाची फिरकी लावताना जरा जास्तच आवाज करायची.

मग तपासणीचे साहेब येणार अशी वर्दी आली. सरांनी ठरवलं, की साहेबांपुढं पाण्याचं विघटन करून दाखवायचं. म्हणजे काचेच्या पसरट भांड्यात पाणी घ्यायचं, तळाशी जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या उभ्या करायच्या, त्यांच्यावर पाण्यानं भरलेल्या दोन परीक्षानळ्या उलट्या धरायच्या, आणि टॉर्चचे सेल ओळीनं बांधून वीज सोडायची. एका नळीत हायड्रोजन जमतो, दुसरीत ऑक्सिजन.

"हायड्रोजन आणि ऑक्सिजननंच हा प्रयोग करायचा," सर म्हणाले. म्हणजे एक नंबरचा पोरगा आणि ती. शाळा सुटल्यावर दोघांना सराव करायला त्यांनी थांबवून घेतलं. दाराशी मी दप्तर घेऊन घुटमळत होते तेव्हा सरांना माझी आठवण झाली. "आणि तू गं, तुमच्या विहिरीचं तांब्याभर पाणी आण त्या दिवशी."

पाणी आण! पाहुण्याला चहा देणारी मी आणि गप्पा मारणारी ती. मी "व्हय" म्हणून तरातरा निघाले. थोडं थांबले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. कारण माझ्या मागं सर त्या दोघांना सांगत होते, की प्रयोगात पाण्यात आम्ल घालतात, त्याशिवाय वीज नीट जात नाही. पण आम्लाची बाटली नगरहून आलेली नाही. तरी विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यावर आपलं भागेल. हे मला नंतर कळलं.

मी घरी येऊन पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, की शुद्ध पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं संयुग आहे. शुद्ध! मग विहिरीचं कशाला? विहिरीत बेडूक असतात, पाला पडतो. मी असं पाणी नेईन की त्यात त्या दोन वायूंशिवाय तिसरं काही असणारच नाही. सगळा प्रयोग माझ्या पाण्यावर होईल आणि साहेब विचारतील, हे पाणी कुणी आणलं?

ऊर्ध्वपातन आम्हाला झालं होतं. मी चुलीवर चहाची किटली ठेवली, तिच्या चोचीसमोर परात तिरकी धरली, परातीच्या पाठीवर ओलं फडकं टाकलं आणि ओघळ खालच्या वाडग्यात घेऊ लागले. आई भाकरी थापायला आली आणि बघतच राहिली.

"बाये, पान्याची वाफ करून का उडिवतीस? गाव टँकरच्या मागं पळतंय, आन् तुला ह्यो उद्योग?"

"उडवत न्हाई. खाली पडतंय की."

"काय पडतंय?"

"पानी."

"आन् किटलीत काय घातलंय?"

"पानीच."

"मंग हुतं त्येच काय वाईट हुतं?" असं म्हणून तिनं मला चुलीपुढून उठवलं. पण परात तशीच ठेवली, आणि भाकऱ्या झाल्यावर निखाऱ्यावर किटली पुन्हा चढवली तीही तिनंच. असं रोज संध्याकाळी करत औषधाची मोठी बाटली भरली. मी ती बाटली आधी राखेनं आणि मग त्याच पाण्यानं विसळून घेतली होती. पाणी इतकं नितळ होतं की बाटली रिकामीच वाटायची.

तपासणीच्या दिवशी ती नवी रिबीन लावून आली आणि नेहमीसारखी बाक सरकवून म्हणाली, "दे ना गं. आज तर घसाच कोरडा पडलाय." ऑक्सिजनचा घसा कोरडा! मला बरं वाटलं. मी तांब्या मांडीखाली दाबला. "न्हाई आज. सांडलं सगळं." तिनं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वॉटरबॅग पुन्हा गळ्यात अडकवली. लिंबाच्या रोपाला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

साहेब खुर्चीत बसले. सरांनी माझ्याकडून बाटली घेतली, पाणी भांड्यात ओतलं, नळ्या भरून उलट्या केल्या, तारा जोडल्या आणि बाजूला झाले. सगळा वर्ग मान पुढं काढून बघू लागला. भांड्यात काहीच होईना. एक बुडबुडा नाही. सरांनी तारा हलवल्या, सेल दाबून पाहिले. एक नंबरचा पोरगा खिडकीबाहेर बघू लागला. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

तेव्हा ती पुढं झाली. "सर, हे पाणी घालून बघू?" उत्तराची वाट न बघता तिनं गळ्यातली वॉटरबॅग काढली आणि आपलं ते मचूळ पाणी भांड्यात ओतलं. दोन्ही कांड्यांवरून बारीक बारीक बुडबुडे सुटले. चहा नासवणारं पाणी ते! साहेब शेजारचा वर्ग बघून परत येईपर्यंत एका नळीत दुसरीपेक्षा चांगलाच जास्त वायू जमला होता. पेटती काडी नेताच फट् आवाज झाला आणि पोरं ओरडली.

"एकीत दुप्पट का?" साहेबांनी विचारलं. "पाण्यात हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन एक," ती म्हणाली. मी तिच्या आधी म्हटलं होतं, पण ओठातल्या ओठात. साहेब "शाब्बास" म्हणाले आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत, कारण न वाजवणारी मी एकटी दिसले असते. मी तिला तांब्यातलं पाणी दिलं असतं तर तिच्या बॅगेत बोअरचं पाणी उरलंच नसतं. टाळ्यांची सोय माझीच मी करून ठेवली होती.

साहेब गेल्यावर सरांनी मला बोलावलं. बाटलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते उजेडात धरून त्यांनी विचारलं, "हे तू घरी केलंस? किटलीवर?" मी मान हलवली. "म्हणून वीज गेली नाही. इतकं शुद्ध पाणी मलाही इथं करता आलं नसतं." त्यांनी बाटलीवर चिठ्ठी डकवून ती कपाटात ठेवली. मी मात्र मनात धुमसत होते. हे साहेबांपुढं बोलायला काय झालं होतं?

सरांचं ते बोलणं तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी बाकावर ती म्हणाली, "खरं तर तुझंच पाणी खरं होतं." माझं डोकं आणखीच फिरलं. जिंकायचं आणि वर मन मोठंही करायचं, म्हणजे दुसऱ्याला रागवायलासुद्धा जागा ठेवायची नाही. पण तिनं वॉटरबॅग पुढं केली तेव्हा मी ती भरली.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या वडिलांची बदली जामखेडकडच्या कामावर झाली. निघायच्या दिवशी ती मळ्यात आली, विहिरीपर्यंत. पाणी केवढं खोल गेलं होतं ते वाकून बघत राहिली. "माझी आई म्हणते, तुझी मैत्रीण श्रीमंत आहे," ती म्हणाली. मी पोहरा सोडला आणि तिची बॅग काठोकाठ भरून दिली. "जामखेडात सुद्धा मचूळच असंल," मी म्हणाले. तिनं तिथंच निम्मी बॅग पिऊन टाकली आणि पुन्हा पुढं धरली.

सोमवारी सरांनी हजेरी उघडली आणि तक्त्याकडे पाहिलं. "ऑक्सिजनची जागा रिकामी ठेवून चालणार नाही," ते म्हणाले, "बावीस शेवटचा आहे, तो गेला तरी तक्ता तुटत नाही." आणि माझ्याकडे बोट केलं. "आजपासून तू आठ."

मी उठले आणि "हजर" म्हणाले. तिच्यासारखं गाण्यात म्हणायचं असं कधीचं ठरवून ठेवलं होतं, पण ते जमलं नाही. खाली बसले. पुढची नावं होत गेली. एकवीस नंबरनंतर सर सवयीनं म्हणाले, "टिटॅनियम."

मी सवयीनं गप्प बसले. सर पुन्हा म्हणाले, "टिटॅनियम." मी कोपराची वाट पाहत होते. मग बाकावर शेजारी बघितलं, आणि उठून परत एकदा "हजर" म्हणाले.